भाऊसाहेबांचा पाहुणचार

मास्तरांनी एक केळं सोललं, तिथून सगळं बिघडलं.

आता केळं सोलणं हा काही गुन्हा नाही. पण ते केळं होतं सशासाठी, ससा होता सुनेचा, आणि सून जाताना बजावून गेली होती की त्याला गोड काही द्यायचं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, कात्री-टेपवाले. खाली दुकान, वर घर. कोटाला बाही अशी बसवायचे की घालणाऱ्याला आपला हात नव्याने मिळाल्यासारखा वाटावा. कापडाची नस त्यांना बोटाला कळायची. माणसांचं मात्र तसं नव्हतं. माणूस समोर आलं की मास्तरांना त्याची छाती, कंबर, खांदा दिसायचा. त्याच्या मनात काय आहे ते मापात बसत नाही म्हणून ते त्या वाटेला जायचेच नाहीत.

सून घरात येऊन वर्ष होत आलं होतं. पोरगी गुणाची, कामाला वाघ, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. सासूशी बोलायची, नवऱ्याशी बोलायची, जिन्यात भेटेल त्या शेजारणीशी बोलायची. सासऱ्यापुढे आली की तोंडाला कुलूप. राग नव्हता, रुसवा नव्हता, नुसती भीड. चहा आणायची तोही असा की मास्तर मान वर करेपर्यंत कप टेबलावर आणि सून जिन्यात. काही सांगायचं झालंच तर सासूकडे बघून सांगायची, "आई, बाबांना म्हणावं इस्त्री चालू राहिलीय." बाबा इस्त्रीला टेकून उभे. मास्तरही कमी नव्हते. तेही बायकोकडेच बघून म्हणायचे, "सूनबाईला सांग, बंद करतो." मास्तरीणबाई एकदा वैतागून म्हणाल्या की मी काय टपालपेटी आहे का या घरातली, दोघं माझ्या तोंडात कागद कोंबताय ते.

मास्तरांना मनातून फार वाटायचं, पोरीने आपल्याशी चार शब्द बोलावेत. एकुलता मुलगा, मुलगी नाही. सून येणार म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात गप्पाही ठरवून ठेवल्या होत्या. (सगळ्या अस्तराच्या कापडाबद्दल होत्या, पण ठरवल्या होत्या.) वर्षभर त्या तशाच घडी करून राहिल्या.

या सुनेने माहेरून दोन बॅगा आणि एक ससा आणला होता. पाठीवर भाऊ नाही, म्हणून सशालाच भाऊसाहेब म्हणायची. करडा रंग, पोट पांढरं, एक कान उभा आणि एक कायम पडलेला. बसायचा असा ऐटीत, की समोरच्याने आपण होऊन अर्ज पुढे करावा. वरच्या गच्चीत त्याचं जाळीचं घर होतं आणि त्याचं सगळं तीच बघायची.

मग तिला कचेरीच्या कामाने दूर परगावी शिकायला जायचं निघालं. मुलानेही रजा टाकली, की तेवढंच बायकोबरोबर फिरणं होईल. राहिला ससा. आणि त्या दिवशी सून दुकानात खाली उतरली, थेट मास्तरांपुढे उभी राहिली, आणि सासू आसपास नसताना म्हणाली, "बाबा, भाऊसाहेबांना तुम्ही सांभाळाल का?"

मास्तरांच्या हातून खडू पडला. वर्षात पहिल्यांदा सुनेने आपल्याला काही मागितलं, तेही तिचं सगळ्यात लाडकं. ते म्हणाले, सांभाळतो. एवढंच म्हणाले, पण दुकानातली तिन्ही मशीनं एकदम सुरू व्हावीत तसं त्यांच्या छातीत झालं होतं.

मग तिने खाण्याचं सांगितलं. मुख्य म्हणजे वाळकं गवत, ते कितीही. हिरवा पाला ओंजळभर. दुकानातला सशाचा दाणा चिमूटभरच. पाणी ताजं. फळ नको, पाव नको, बिस्किट तर नकोच नको. सगळं सांगून झालं, ती वळली, पुन्हा थांबली. "आणि एक आहे, बाबा. तो कधी कधी… म्हणजे दुपारच्या वेळी…" तिचे कान लाल झाले. "काही नाही. तुम्हाला दिसेलच." आणि जिन्यात पळाली.

मास्तरांना वाटलं, पोरीला रडू फुटत होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळं बरहुकूम केलं. सशाचं घर गच्चीतून खाली दुकानात आणून आपल्या मशीनशेजारी ठेवलं, म्हणजे डोळ्यासमोर राहील. गवत घातलं. भाऊसाहेब गवताची काडी तोंडात धरून ती टोकापासून आत आत घ्यायचे, नाक हलवत, मास्तरांकडे एका डोळ्याने बघत. मास्तरांचा जीव कळवळला. सुनेच्या माहेरचं माणूस आपल्या घरी उतरलंय आणि आपण त्याच्यापुढे वाळकी काडी ठेवतोय.

आणि इथेच मास्तरांनी डोकं चालवलं. त्यांनी असा हिशेब मांडला की माहेरच्या माणसाबद्दल बोलताना सून असंच बोलणार. "नको हो, काही करू नका, त्याला काहीही चालतं." पाहुणा नको म्हणतो म्हणून कोणी वाढायचं थांबतं का? जितकं नको म्हणेल तितकं वाढायचं असतं. पोरीने नको नको म्हणून मोठेपणा दाखवला, आता आपण वाढून दाखवायचा.

म्हणून केळं.

भाऊसाहेबांनी ते असं खाल्लं की मास्तर गहिवरले. खाऊन झाल्यावर त्यांनी हवेत एक उडी मारली आणि अंगाला मुरका दिला. मास्तरांनी एवढी दाद आयुष्यात कोणाकडून घेतली नव्हती. (सूट घालून नवरदेव आरशासमोर उभा राहतो तेव्हासुद्धा तो स्वतःवरच खूश असतो, शिंप्यावर नाही.) संध्याकाळी बिस्किट झालं. दुसऱ्या दिवशी शेजारचा पाववाला कौतुकाने कालच्या पावाचे तुकडे घेऊन आला. तो म्हणाला, आमच्या लहानपणी ससे पावावरच वाढले. ते ससे पुढे किती जगले हे त्याला कोणी विचारलं नाही. मग बिस्किट दुधात बुडवून देणं सुरू झालं.

मास्तरीणबाई जिन्याच्या पायरीवर बसून हे बघत होत्या. म्हणाल्या, "आजारपणात माझ्या तोंडाशी कधी पेला धरला नाहीत. याला बिस्किट बुडवून."

"तू घरची आहेस," मास्तर म्हणाले.

त्यावर बाईंनी काय उत्तर दिलं ते सांगण्यासारखं नाही, पण पाववाला पाव ठेवून लगेच निघून गेला.

आणि मग ती दुपार आली. बाहेर ऊन, दुकानात गिऱ्हाईक नाही, मास्तर एका कोटाला हातशिलाई करत बसलेले. भाऊसाहेब कोपऱ्यात शांत. एकाएकी त्यांनी मान खाली घातली, ती पार पोटाखाली, मागच्या पायांच्या मधे, आणि काहीतरी तोंडात घेऊन वर आले. डोळे मिटून चघळू लागले. मास्तरांना वाटलं, अंग चाटतोय. मांजर नाही का चाटत. भाऊसाहेबांनी पुन्हा मान खाली घातली, पुन्हा काहीतरी उचललं. मास्तरांनी चष्मा लावला. जवळ जाऊन वाकले.

आणि झटकन सरळ झाले.

ते मागे सरकले ते थेट इस्त्रीच्या टेबलावर आदळले. त्यांनी आधी काय केलं असेल, तर दुकानाचा पडदा ओढला. घरातली एखादी लाजिरवाणी गोष्ट रस्त्यावर जाऊ नये म्हणून माणूस दार लावतो, तसा. मग जिन्याखाली उभं राहून बारीक आवाजात हाक मारली, "अगं, जरा खाली ये. एकटीच ये."

घरात होती तीच एकटी, पण त्या वेळी ते लक्षात येण्याच्या स्थितीत मास्तर नव्हते.

मास्तरीणबाई आल्या. मास्तरांनी नुसतं बोट दाखवलं. बाई वाकून बघत होत्या तेवढ्यात भाऊसाहेबांनी तिसऱ्यांदा मान खाली घातली. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि तशाच भिंतीला टेकल्या. थोड्या वेळाने पदराआडून म्हणाल्या, "स्वतःचीच?"

"स्वतःचीच," मास्तर म्हणाले.

ससा चघळत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

मग चर्चा झाली. बाईंचं म्हणणं, सुनेला फोन करा. मास्तर ताडकन उठले. काय सांगायचं फोनवर? "सूनबाई, बोलत नव्हतो ना आपण वर्षभर, आता बोलतो, तुझा भाऊ लेंड्या खातो"? सासऱ्याने सुनेला सांगायची ही गोष्ट आहे का? बाई म्हणाल्या की मी सांगते. मास्तरांनी हात जोडले. त्यांना दुसरंच भय होतं. जनावर स्वतःची घाण खातं म्हणजे उपाशी असतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणजे आपल्याकडे आल्यापासून ही पाळी आली. चांगल्या घरातला ससा, माहेरी गादीवर बसणारा, आणि चार दिवस सासऱ्याच्या ताब्यात दिला तर या थराला गेला. पोरीला हे कळलं, की जे काही दोन शब्द तिने खर्च केले तेही ती परत घेईल.

"आधी सवय मोडू," मास्तर म्हणाले, "ती यायच्या आत."

त्याच संध्याकाळी सुनेचा फोन आला. सासूशी बोलली आणि म्हणाली, बाबांना द्या. मास्तरांनी फोन हातात घ्यायच्या आधी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. पोरीने विचारलं, गवत खातो का, पाणी पितो का. मास्तर प्रत्येकाला हो म्हणत गेले. मग ती अडखळली.

"आणि बाबा, दुपारच्या वेळी… तो काही करतो का?"

ससा समोरच बसला होता. बिचाऱ्याची अब्रू आता त्यांच्या हातात होती.

"छे छे. काही करत नाही. नुसता बसून असतो."

"काहीच नाही करत?"

"काहीच नाही. शपथेवर सांगतो. अगदी चांगल्या घरातल्यासारखा राहतो."

पोरगी कशीबशी बरं म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मास्तरांना वाटलं, वेळ निभावली. पाहुण्याचा आब राखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि बकरम काढलं. बकरम म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक कापड. भाऊसाहेबांच्या गळ्याचं माप घेतलं. माप देताना ते तीनदा निसटले, एकदा टेपच चावून ठेवली. मग मास्तरांनी बकरमची एक गोल पसरट कॉलर कापली, पंख्यासारखी, म्हणजे मान खाली गेली तरी तोंड मागे पोचू नये. आतून मऊ फ्लॅनेलचं अस्तर लावलं. काठाला निळी पट्टी. मानेमागे दोन हूक. कच्चे टाके घालून ट्रायल घेतली, डावीकडे किंचित बोचत होतं ते सोडवलं, मग पक्की टीप मारली. खरं सांगायचं तर अशी शिवण त्यांनी कलेक्टरच्या कोटालाही मारली नव्हती.

भाऊसाहेब त्या कॉलरमधून दिसत होते ते एखाद्या जुन्या तसबिरीतल्या राजासारखे. पाववाला बघून थक्क झाला. दोन गिऱ्हाइकं मुद्दाम वाकून बघून गेली. एका बाईंनी तर विचारलं, असं लहान मुलांसाठी शिवाल का. मास्तर म्हणाले, बघू. मास्तरीणबाई मात्र म्हणाल्या, "त्याचा चेहरा बघा आधी. राजाला फाशीला नेताना असा दिसत असेल."

मास्तरांनी लक्ष दिलं नाही. सवय मोडताना थोडा त्रास होतोच.

पण भाऊसाहेबांनी दुपारी गवताला तोंड लावलं नाही. कॉलरमुळे पोचत नसेल म्हणून मास्तरांनी काडी काडी हाताने भरवली, ती त्यांनी गळू दिली. पाव ठेवला, तोही तसाच. संध्याकाळी केळं सोललं, अख्खं, आणि नाकाशी नेलं. भाऊसाहेबांनी तोंड फिरवलं.

केळ्याला तोंड फिरवलं तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याला उचललं. पोट नगाऱ्यासारखं ताठ. शेपटीखाली सगळं बरबटलेलं. अंगाचं गाठोडं करून बसलेला, दात करकर वाजवत. मास्तरांनी कॉलर काढायलाही वेळ घेतला नाही. ससा छातीशी धरला आणि पायात चपला आहेत की नाहीत ते न बघता धावत सुटले. मागून मास्तरीणबाई कुलूप लावायचं सोडून धावल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना चौकातच होता. आत बाकावर माणसं आपापली कुत्री-मांजरं घेऊन बसलेली. मास्तरांची अवस्था बघून सगळ्यांनी त्यांना पुढे सोडलं. डॉक्टरीणबाई धिप्पाड, आवाज असा की मधलं दार लावायची गरज पडू नये. (लावलं असतं तरी उपयोग नव्हता.) त्यांनी आधी कॉलर हातात घेतली, उलटसुलट केली, अस्तरावरून बोट फिरवलं.

"हे कोणी शिवलं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"सुरेख शिवलंय. कशासाठी?"

मास्तर टेबलावर वाकले आणि त्यांच्या कानाशी कुजबुजले. डॉक्टरीणबाई सरळ झाल्या आणि बाहेरच्या बाकापर्यंत सहज पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "लेंड्या खातो? अहो, खायलाच हव्यात त्याला. ससा आहे तो."

बाहेरचं एक कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. सशाचं पोट गवत एका फेरीत पचवू शकत नाही. म्हणून तो दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो. एक कोरडी, ती टाकाऊ. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारखी चिकटलेली. ती तो जिथल्या तिथे उचलून खातो, कारण सगळं सत्त्व तिच्यात असतं. गुरं रवंथ करतात तसंच हे, फक्त रस्ता जरा लांबचा. ती त्याला मिळाली नाही तर तो खंगत जातो.

"आणि पाव, बिस्किट, केळं?" डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघत विचारलं. "कोणी दिलं?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. मास्तरीणबाई छताकडे बघत होत्या.

"मीच," मास्तर म्हणाले.

"म्हणजे एका हाताने पोट बिघडवलंत आणि दुसऱ्या हाताने औषध बंद केलंत. तेही निळी पट्टी लावून."

सुई टोचली, पोट चोळायला शिकवलं, तोंडात सोडायचं औषध दिलं. आणि बजावलं की गवत आणि पाणी, दुसरं काही नाही, गवत खाल्लं नाही तर लगेच परत आणायचा. धोका अजून टळलेला नाही. आतडं चालू झालं तर आधी कोरड्या लेंड्या येतील. मग मऊ. "ती मऊ लेंडी त्याने स्वतःहून उचलून खाल्ली, की सुटलो म्हणायचं. खाल्ली की मला कळवा."

मास्तरांनी खालमानेने विचारलं, "म्हणजे आता ती त्याने खावी म्हणून वाट बघायची?"

"हात जोडून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर पडताना बाकावरची सगळी माणसं मास्तरांकडे फार प्रेमाने बघत होती. एका म्हाताऱ्या मांजरवाल्याने तर खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर दुकानाचा दरवाजा अर्धाच उघडा राहिला. मास्तर जमिनीवर चटई टाकून सशापाशी बसले. पोट चोळायचे, औषध द्यायचे, गवत पुढे करायचे. मास्तरीणबाई, ज्या आतापर्यंत सशाला हात लावत नव्हत्या, त्या कोमट फडक्याने त्याची शेपटी पुसत होत्या आणि नवऱ्याला बोलत होत्या. मास्तर ऐकून घेत होते. पोरगी परत येईल आणि विचारेल, भाऊसाहेब कुठे आहेत. तेव्हा काय तोंड दाखवायचं? तिने एकच गोष्ट मागितली होती. एकच. वाळकं गवत घाला म्हणाली होती, ते घालायला अक्कल लागत नाही, आणि आपण अक्कल वापरली.

अंधार पडायच्या सुमारास भाऊसाहेबांनी एक काडी ओढली. मग दुसरी. सकाळी चटईवर कोरड्या लेंड्या दिसल्या. मास्तरीणबाईंनी त्या बघून डोळे पुसले. लग्नात दागिने बघूनही त्यांचे डोळे असे भरले नव्हते. मास्तर म्हणाले, अजून नाही. मऊ यायची आहे.

ऊन चढलं. मास्तर चटईवर पालथे पडले होते, गाल जमिनीला टेकवून, म्हणजे सशाच्या पोटाखालचं नीट दिसावं. भाऊसाहेब अंग आकसून बसले. काहीतरी व्हायच्या बेतात होतं. मास्तर हळूहळू बोलत होते, पाहुण्याला आग्रह करतात तसं, "खा रे राजा. घ्या भाऊसाहेब. लाजू नका, घरचंच आहे. एक तरी घ्या."

तेवढ्यात दुकानाचं अर्धं दार पूर्ण उघडलं.

दारात सून. हातात बॅग, केस विस्कटलेले, शिकणं अर्धं टाकून मिळेल त्या पहिल्या गाडीने आलेली. मागे मुलगा. समोर सासरे जमिनीवर पालथे, ढुंगण वर, आणि सशाच्या मागच्या बाजूला आग्रह करताहेत.

मास्तर गोठले. उठावं म्हटलं तर हलायची सोय नाही, ससा बिचकेल. सून पांढरी फटक पडली होती. मुलगा काहीतरी म्हणणार होता, त्याला आईने डोळ्यांनी गप्प केलं.

आणि भाऊसाहेबांनी मान खाली घातली. पोटाखाली नेली. वर आले ते चघळत.

"खाल्ली," मास्तर म्हणाले.

सुनेच्या हातून बॅग पडली. ती तिथेच सासऱ्याशेजारी जमिनीवर बसली. "खाल्ली?"

"खाल्ली. माझ्या डोळ्यांनी बघितली."

"मऊ होती?"

"मऊ. चकचकीत. घोस होता."

पोरगी रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. म्हणाली, तुम्ही फोनवर शपथ घेऊन सांगितलंत की काहीच करत नाही, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. ससा ते खायचं थांबला म्हणजे काहीतरी गंभीर आहे, एवढं मला कळत होतं. पण तुम्हाला फोनवर स्पष्ट कसं विचारायचं, म्हणून गाडीत बसले. यांना सांगितलं होतं की जायच्या आधी बाबांना सांगा, तर हे म्हणाले, "मी? बाबांना? लेंड्यांबद्दल?"

मुलगा बॅग उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"मी तरी तुला कसं विचारणार होतो," मास्तर म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. केळं, बिस्किट, दूध, पाव, कॉलर. काही वगळलं नाही. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की पोरीचं हसणं थांबलंय.

"दुधात बुडवून?" ती म्हणाली.

"हो."

"मी बिस्किट नकोच नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं."

"मला वाटलं, संकोच करतेस."

यावर सुनेने जे बोलायला सुरुवात केली ती केली. वर्षभराचं सगळं बोलणं तिने एका दमात वसूल केलं. पाव म्हणजे सशाच्या पोटात दगड, केळं म्हणजे विष समजा, आणि एवढी मोठी माणसं असून सांगितलेलं ऐकत नाही म्हणजे काय. सासूच्या तोंडून नाही, भिंतीकडे बघून नाही, थेट सासऱ्याच्या डोळ्यात बघून. मास्तर चटईवर बसून ऐकत होते, मान हलवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं होतं की मास्तरीणबाईंना वाटलं, यांनाही डॉक्टरीणबाईंकडे न्यावं लागणार.

भाऊसाहेब आठवड्याभरात टुणटुणीत झाले. मास्तरांच्या हातून गवत घेतात, पण टेप दिसली की मागचा पाय दाणकन आपटतात.

परवा बँकेतले एक मोठे साहेब सुटाचं माप द्यायला आले होते. दोन्ही हात पसरून ताठ उभे, मास्तरांच्या ओठात टाचण्या, गळ्यात टेप. ससा कोपऱ्यातल्या आपल्या घरात गवत चावत बसलेला. सून कामावर जायला निघाली, जिना उतरता उतरता तिने विचारलं, "बाबा, भाऊसाहेबांच्या सकाळच्या कशा होत्या?"

मास्तरांना टाचण्यांमुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला.

"मऊवाल्या?"

मास्तरांनी पाची बोटांचा घोस करून दाखवला.

"वास?"

मास्तरांनी हात हलवून नेहमीसारखाच म्हणून सांगितलं.

"सगळ्या खाल्ल्या?"

मास्तरांनी मान डोलावली. सून समाधानाने निघून गेली.

साहेबांचे पसरलेले हात तसेच हवेत राहिले होते. चाललंय ते सशाबद्दल हे त्यांनाही दिसत होतं; पण त्यांच्या घरी सून सासऱ्यापुढे खोकतसुद्धा नसे. ते म्हणाले, "मास्तर, ही तुमची सून ना? ती तुमच्याशी हे असलं बोलते?"

मास्तरांनी ओठातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या उशीत टोचल्या, आणि छाती पुढे काढून म्हणाले, "बोलते तर. रोज बोलते."

मग टेप साहेबांच्या कमरेभोवती घेत, जरा खाली वाकून, हळूच म्हणाले, "दुसरं काहीच बोलत नाही."